कैरोच्या कचऱ्याचा भाव

कैरो म्हटले की आपल्याला अल-अझहर आठवते, नाहीतर पिरॅमिड. मला मात्र त्या शहराच्या कचऱ्याचा इतिहास जास्त बोलका वाटतो. घरातला कचरा उचलण्याचा हक्क तिथे विकत घ्यावा लागे!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम वाळवंटातल्या दाखला या मरूद्यानातून (आपल्या तहसील कचेरीतल्या दाखल्याशी याचा संबंध नाही) काही मुसलमान कुटुंबे कैरोत आली. त्यांना 'वाहिया' म्हणत, म्हणजे मरूद्यानवाले. ते इमारतीच्या मालकाला एकरकमी पैसे देऊन तिथल्या कचऱ्याचा हक्क घेत आणि मग भाडेकरूंकडून महिन्याची फी वसूल करत. सुका कचरा हम्मामखान्यांना आणि 'फूल' शिजवणाऱ्या भट्ट्यांना जळण म्हणून विकला जाई. फूल म्हणजे तिथल्या गरिबाची रोजची उसळ.

1930-40च्या दशकांत अस्यूत भागातले भूमिहीन ख्रिस्ती, म्हणजे कॉप्ट, शेतकरी शहरात आले. ते डुकरे पाळत आणि डुकरांना उष्टे-खरकटे हवे होते. वाहियांनी इमारतींचा हक्क व फी स्वतःकडे ठेवली; टोपली पाठीवर घेऊन जिने चढण्याचे काम या नव्या लोकांकडे गेले. हेच झब्बालीन. फीतला वाटा राहिला बाजूला, कित्येकदा कचऱ्यासाठी उलट त्यांनाच वाहियांना पैसे मोजावे लागत. मालक मुसलमान आणि मजूर ख्रिस्ती, असे हे नाते होते. ते न्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. पण कचऱ्याला किंमत आहे, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

सरकारला मात्र ते ठाऊक नव्हते. 2003च्या सुमारास कैरोने स्पॅनिश व इटालियन कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके दिले. फी विजेच्या बिलात जोडली. कंपन्यांवर पुनर्वापराचे बंधन होते फक्त 20 टक्के; बाकीचा कचरा पुरून टाकायला मोकळीक. झब्बालीन मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी घरातच कचरा निवडून सुमारे 80 टक्के माल पुन्हा वापरात आणत होते. त्यांच्याशी वाटाघाटी करायला कोणी बसलेच नाही.

व्हायचे तेच झाले. कंपन्यांचे मोठे ट्रक जुन्या कैरोच्या बोळांत शिरेनात. दारातून कचरा नेण्याची सवय असलेल्या लोकांना कोपऱ्यावरच्या कुंडीपर्यंत जाणे पटेना. मग अनेक घरे दोनदा पैसे भरू लागली, एकदा विजेच्या बिलात आणि एकदा दारावर येणाऱ्या झब्बालच्या हातात. सरकार कंपन्यांना दंड लावी, कंपन्या थकलेल्या बिलांची तक्रार करत. शेवटी काही कंपन्यांनी झब्बालीनांनाच पोटठेक्यावर घेतले, अर्थात कमी दराने.

आपल्या पुण्यात 2008 साली महापालिकेने कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. घराघरांतून मिळणारी फी आणि विकण्याजोगे भंगार, दोन्ही कचरावेचकांकडे. मुदतवाढीच्या वेळी तिथेही ओढाताण होतेच, पण काम करणारा निदान कराराच्या कागदावर आहे.

कैरोत 2009 साली आणखी एक घाव पडला. स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारायचा हुकूम काढला. तेव्हा इजिप्तमध्ये या तापाचा एकही रुग्ण नव्हता आणि कत्तलीची गरज नसल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. डुक्कर आपल्याला हराम, म्हणून या निर्णयावर आपल्याकडे फार कोणी हळहळले नसेल. पण ते जनावर शहराचे खरकटे फुकटात संपवत होते. झब्बालीनांनी ओला कचरा उचलणे सोडले आणि रस्त्यांवर ढीग साचले. थोड्या वर्षांनी मुकत्तमच्या वस्तीत डुकरे पुन्हा गुपचूप पाळली जाऊ लागली. पंधरा वर्षांच्या ठेक्यांची मुदत संपत आली, तेव्हाही दारोदारचा बराच कचरा झब्बालीनच नेत होते.