पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : इतिहास, दुष्परिणाम आणि खानदेश

प्रस्तावना :
पुरःस्थ ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. पुरुषाच्या मूत्राशयाखालील या ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास सामान्यतः शल्यतंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो दुष्परिणामांच्या अंगाने मांडून खानदेशच्या संदर्भात तपासला आहे.

शस्त्रक्रियेचे टप्पे :
इ.स. १९०४ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी गुदद्वार व वृषणकोश यांमधील भागातून संपूर्ण ग्रंथी काढली. १९४० च्या दशकात टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटातून जाणारा मार्ग रूढ केला. मात्र त्यात रक्तस्राव मोठा होई. दोन्ही पद्धतींत लैंगिक क्षमता बहुधा नष्ट होई आणि अनेकांना लघवीवर ताबा राहत नसे. या ग्रंथीलगतच्या मज्जातंतूंचा मार्ग निश्चित करून पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ते वाचविणारी शस्त्रक्रिया केली. पुढे दुर्बिणीची व यंत्रमानवाची मदत मिळाली. त्यामुळे रक्तस्राव घटला; तथापि वरील दोन्ही दुष्परिणाम पूर्णतः टळलेले नाहीत.

रोग हाडांपर्यंत पसरल्यावर ग्रंथी काढून तो बरा होत नाही. अशा रुग्णांचे वृषण काढल्यास रोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा उपाय सोपा व स्वल्पखर्चिक आहे. परंतु कामेच्छा ओसरणे, अंगातून वाफा येणे व हाडे ठिसूळ होणे ही त्याची किंमत होय.

खानदेशचा संदर्भ :
त्याच १९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाअखेरीस, तर जळगावात २०१८ मध्ये आले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या जुलै २०१२ मधील पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत धुळे होते. जळगावचा समावेश २०१३ मध्ये झाला. कर्करोगावरील शस्त्रक्रिया या योजनेत होत्या. म्हणजे अंतर व खर्च हे अडसर काही अंशी कमी झाले. संकोचाचा अडसर मात्र कोणत्याही योजनेने दूर होत नाही. लघवीचा त्रास 'वयोमानाचा' समजून अंगावर काढणारा रुग्ण उशिरा पोहोचतो आणि त्याच्यापुढील पर्याय आपोआप कमी होतात.

निष्कर्ष :
ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगाच्या रुग्णांवरील एका ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा केवळ देखरेख, यांपैकी काहीही स्वीकारले तरी पंधरा वर्षांत या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. अशा वेळी दुष्परिणामांची माहिती हाच निर्णयाचा कणा ठरतो. ती रुग्णाला, आणि त्याची इच्छा असल्यास त्याच्या पत्नीलाही, शस्त्रक्रियेपूर्वी मायबोलीत मिळणे हा उपचाराचाच भाग होय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून या विषयाला निःसंकोच शब्द देणे, एवढे कार्य तरी आपल्या महाविद्यालयांना सहज शक्य आहे.