गोल्फ स्टिकच्या दांड्याची दिशा
धागा 🧵

१/ गोल्फ स्टिक जोडताना दांडा कोणत्या बाजूने बसवला, याने खरोखर फरक पडतो का? उत्तर इतिहासात दडले आहे.

२/ एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे कारागीर अमेरिकन हिकरीचे दांडे वापरू लागले. लाकडाच्या तंतूंमुळे असा दांडा सर्व बाजूंनी सारखा वाकत नाही. तेथे दिशेला अर्थ होता.

३/ पुढे पोलादी नळी आली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये, तर सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९२९ मध्ये तिला मान्यता दिली.

४/ नळीची जाडी किंचित असमान झाली, तर एक बाजू अधिक ताठ राहते. मात्र दांडा कसाही फिरवला तरी सारखाच वाकावा, असा नियमच आहे.

५/ म्हणून हिकरीसाठी जी निकड होती, ती चांगल्या नळीसाठी केवळ बारीक दुरुस्ती उरते.