जोंगा सुरू होईना

आजचा भाग लढाईचा नाही, गाडीचा आहे. 'साहेब, तुम्ही रणगाड्यांवर बोलता, तोफांवर बोलता, पण जोंगावर कधी बोलणार?' असं विचारणारे बरेच जण आहेत. त्यातले काही जबलपूरचे मराठी श्रोते आहेत, आणि त्यांचा हक्कच आहे. तर आज जोंगा. आणि तिच्या निमित्ताने माझी एक जुनी चूक, जी मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

आधी इतिहास. 1947 साली आपल्या लष्कराच्या वाट्याला गाड्या आल्या त्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या. अमेरिकन, ब्रिटिश, कॅनडियन अशा नाना मेकच्या. एकीचा पार्ट दुसरीला बसत नसे. तीन नादुरुस्त गाड्यांचे अवयव काढून एक चालती करायची, हा त्या काळातला नित्याचा उद्योग. पण अशाच जुन्या यंत्रांवर आपण मोठी कामं करून दाखवली. नोव्हेंबर 1948 मध्ये जनरल थिमय्यांच्या योजनेनुसार 7 कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जोजिला खिंडीत पोचले. उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. रणगाडे येताहेत हे शत्रूला कळू नये म्हणून त्यांचे टरेट उतरवून वेगळे नेले होते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. थंडीने इंजिनातलं तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. तिथे इंजिन सुरू होणं हीच अर्धी लढाई.

अशी यंत्रं चालती ठेवणारी कोअर म्हणजे ईएमई. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढायांत ब्रिटिशांना एक गोष्ट उमगली, की मोडलेला रणगाडा रात्रीत ओढून आणून जो दुरुस्त करतो, त्याच्याकडे सकाळी जास्त रणगाडे असतात. 1942 मध्ये त्यांनी दुरुस्तीची स्वतंत्र कोअर उभारली आणि 1943 मध्ये ती भारतातही आली. 15 ऑक्टोबर हा आपला ईएमई दिवस. बडोद्याच्या मंडळींनी ईएमईचं दक्षिणामूर्ती मंदिर पाहिलं असेल. 1966 सालचं, ॲल्युमिनियमच्या घुमटाचं. मेकॅनिकांनी देऊळ बांधलं की ते असं दिसतं.

आता जबलपूर. तिथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची. दुसऱ्याच्या उरलेल्या गाड्यांवर किती दिवस काढायचे, या विचारातून 1959 साली जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने तिथे 'शक्तिमान' ट्रक तयार होऊ लागला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. पुढे साठच्या दशकात जपानच्या निसान पेट्रोलवरून बेतलेली हलकी गाडी आली. तिचं नाव जोंगा. हे आफ्रिकेतल्या कुठल्या प्राण्याचं नाव असेल असं लहानपणी मला वाटे. प्रत्यक्षात 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांची ती आद्याक्षरं. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. पेट्रोल अक्षरशः प्यायची, पण वाळू असो, नाला असो, नाही म्हणायची नाही. 1969 मध्ये जबलपूरला गाड्यांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी झाली. पुढे जिप्सी आली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जोंगाचं उत्पादन थांबलं.

नाही म्हणायची नाही, असं मी म्हटलं. एकदा म्हणाली.

1985 चा हिवाळा. राजस्थानातली एक छावणी. मी तरुण कॅप्टन, आणि युनिटच्या एमटीची, म्हणजे सगळ्या गाड्यांची, जबाबदारी माझ्याकडे. रात्री एकच्या सुमारास निरोप आला की एका जवानाच्या पोटात असह्य कळा येताहेत. डॉक्टरांनी अपेंडिक्स सांगितलं. लष्करी इस्पितळ साठ किलोमीटरवर. ड्युटीची गाडी होती जोंगा आणि ड्रायव्हर होता साताऱ्याकडचा एक पोरगा, चोवीस-पंचवीसचा.

त्याने सेल्फ मारला. 'टक्.' पुन्हा मारला. 'टक्.' दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिन हलायला तयार नाही. आत जवान कण्हतोय. शेवटी आठ जणांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. वाटेत बंद करायची नाही अशी ताकीद देऊन पाठवली. शस्त्रक्रिया वेळेत झाली, जवान वाचला.

सकाळी मी ड्रायव्हरला उभं केलं. आठवड्यापूर्वीही गाडीने असाच त्रास दिला होता, असं तो म्हणाला. 'मग बोलला का नाहीस?' 'बोललो होतो साहेब. बॅटरी बदलली, मग सुरू झाली.' मला ते कारण वाटेना, बहाणा वाटला. त्यातून सेल्फ मोटरही बदलून पाहिली तरी तेच. म्हणजे हाच रोजची देखभाल करत नसणार, असं मी ठरवून टाकलं. निष्काळजीपणाचा चार्ज लिहायला घेतला. शिक्षा झाली असती तर तिची नोंद त्याच्या कागदांवर कायमची राहिली असती आणि नाईकची पट्टी लांबली असती.

आमच्याकडे ईएमईचे एक हवालदार मेकॅनिक होते. केरळचे, मितभाषी. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते म्हणाले, "साहब, चार्ज कल लिखिए. आज का दिन मुझे दीजिए."

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

पहिलं, हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितला. बॅटरी मेलेली असेल तर सेल्फ मारताच दिवे विझत जातात. इथे दिवे जवळजवळ तसेच राहिले. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण तो मोटरपर्यंत पोचत नाही. दुसरं, धक्क्याने गाडी सुरू होते. म्हणजे पेट्रोल येतंय आणि ठिणगीही पडतेय. ठिणगीला थोडासाच करंट लागतो, सेल्फला मात्र शंभरावर अँपिअर. म्हणजे वाट आहे, पण अरुंद आहे.

तिसरी गोष्ट मी कधी विसरलो नाही. चार-पाच वेळा सेल्फ मारून झाल्यावर उस्तादांनी चोकच्या तारेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मला म्हणाले, "हाथ लगाइए." तार गरम होती.

चोकची तार गरम व्हायचं कारणच काय? ऐका. बॅटरीतून निघालेला करंट जाड केबलने सेल्फमध्ये जातो, तिथून इंजिनच्या लोखंडात. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चॅसिसला थेट चिकटलेलं नसतं. म्हणून इंजिनपासून चॅसिसपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते, अर्थची. करंट त्या पट्टीने चॅसिसमध्ये आणि तिथून परत बॅटरीत. ही परतीची वाट बंद झाली की करंट मिळेल त्या फटीतून जातो. इथे तो चोकच्या बारीक तारेतून जात होता. तार तापत होती आणि सेल्फ उपाशी राहत होता.

उस्तादांनी एक जाड केबल घेतली, एक टोक इंजिनला, दुसरं चॅसिसला लावलं. सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात सुरू!

मग खाली सरकून त्यांनी अर्थची पट्टी सोडली. पट्टी धडधाकट होती. पण ती जिथे चॅसिसवर कसली होती, तिथे खाली ऑलिव्ह ग्रीन रंगाचा छान जाड थर होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांना जो काय थोडा स्पर्श होत होता त्यावर गाडी महिनाभर चालली. कधी सुरू व्हायची, कधी नाही. बोल्ट जरा ढिला झाल्यावर तेही संपलं. बॅटरी बदलताना गाडी थोडी हलली असेल, स्पर्श झाला असेल, म्हणून तेव्हा सुरू झाली. पोरगा खरंच सांगत होता.

उस्तादांनी एमरी पेपरने लोखंड चकचकीत केलं, पट्टी कसली, वर व्हॅसलिन लावलं. दहा मिनिटांचं काम. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेंट किसने करवाया, साहब?"

मी करवून घेतला होता. महिन्यापूर्वी वार्षिक तपासणी होती. गाड्या खालूनसुद्धा नव्यासारख्या दिसल्या पाहिजेत, दोन दिवसांत, असा हुकूम माझा. घाईत पोरांनी पट्ट्या काढल्या, चॅसिस रंगवला आणि ओल्या रंगावर पट्ट्या परत कसल्या. तपासणीत आम्हाला शाबासकी मिळाली होती.

त्या दिवशी बाकीच्या सगळ्या गाड्या तपासल्या. आणखी तीन गाड्यांत तोच रंग सापडला. चार्जचा कागद मी फाडला. कमांडिंग ऑफिसरना खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "लॉगबुकमध्ये कारण लिही. तुझ्या हुकमासकट." मी लिहिलं.

पण त्या ड्रायव्हरला मी 'माझं चुकलं' असं म्हटलं नाही. 'गाडी ठीक झाली, जा' एवढंच म्हणालो. त्याने सॅल्यूट केला आणि गेला. पुढे माझी बदली झाली. तो कुठे असेल माहीत नाही. त्याचंही वय आता साठीच्या पुढे असणार.

इतिहासावर बोलायला लागल्यापासून मला ती चोकची तार सारखी आठवते. एखादी पलटण मागे हटली, एखादा पूल वेळेत झाला नाही, की आपण लगेच शेवटच्या माणसाला धरतो, ज्याच्या हातात तेव्हा किल्ली होती त्याला. महिनाभर आधी, चांगल्या हेतूने, वरून कुठला हुकूम निघाला होता हे कागदांत शोधायला वेळ लागतो. उस्तादांनी एक दिवस मागितला होता. तेवढा तर द्यावा.

आणि साताऱ्याकडच्या त्या पोराने हा भाग कधी पाहिला किंवा वाचला, तर त्याला सांगायचंय. बाबा रे, गाडी तुझ्यामुळे बंद पडली नव्हती. माझं चुकलं.

पुढच्या भागात शक्तिमान. जय हिंद.