तीन वाफे

वहाणा बांधावरच काढा. शिरोड्याच्या मिठागरातली ही जमीन पावसाळ्यानंतर चिखल तुडवून, चोपून घट्ट केलेली असते. टाच रुतली तर खळगा पडेल. मे महिन्याची सकाळ आहे. समोर तीन वाफे.

पहिल्यात उतरा. भरतीबरोबर खाडीतून आलेलं पाणी, लिटरमागे जेमतेम ३५ ग्रॅम क्षार. पावलांना गार लागतं. डोळे मिटा.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात. साल १६७१. तुम्ही कुडाळ सुभ्यात, जकातीच्या नाक्यावर उभे आहात. गोण्यांत बारदेशचं मीठ आहे, पोर्तुगीज मुलखातलं, स्वस्त. व्यापारी तिकडेच वळतात आणि संगमेश्वराकडचं मीठ पडून राहतं. म्हणून शिवाजी महाराजांनी सरसुभेदार नरहरी आनंदरावांना लिहिलं आहे: बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, ते आपल्या मिठाहून महाग पडू द्या. नाक्यावरचा कारकून गोण्या मोजतो. तुम्हाला उमगतं, मीठ समुद्र देतो, पण मिठागर भावावर जगतं.

दुसऱ्या वाफ्यात या. इथलं पाणी उन्हानं दाट झालंय, पोटऱ्यांना कोमट लागतं. साल १९३०, महिना मेच. याच गावच्या शाळेत लेखक वि. स. खांडेकर शिकवतात. मिठाच्या सत्याग्रहातली, खादीतली माणसं बांधावरून रांगेनं येतात, वाकतात, मीठ उचलतात. सरकारला कर न देता उचललेली मूठ म्हणजे गुन्हा. पोलीस धावतात, धरपकड सुरू होते. शेजारचा पोरगा आपल्या ओंजळीतलं मीठ तुमच्या मुठीत कोंबतो. "सोडू नकोस," एवढंच म्हणतो आणि पकडला जातो. खडे तळव्याला टोचत राहतात.

मूठ मिटलेली ठेवूनच तिसऱ्या वाफ्यात पाय टाका. हे साल तुमचंच आहे. पाणी आटून दहावा हिस्सा उरलं, तेव्हा कुठे पहिले खडे धरले. मिठागरावरच्या आजी फावड्यानं मीठ अलगद काठाला ओढतात. तळाशी उरलेलं पाणी वेळीच काढून टाकावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मीठ कडू करतात. ही वेळ आजी नजरेनं ओळखतात.

"ह्या आता माडाच्या मुळात घालतत, मासळेक लावतत," त्या सांगतात. कारण खाण्यासाठी विकायच्या मिठात २००६पासून आयोडीन सक्तीचं आहे. नियम रास्तच आहे, आयोडीन शरीराला हवंच. पण कारखान्याला सहज जमणारा आयोडीनचा फवारा एकट्या मिठागराला परवडत नाही. तो गावाला मिळून घेता येईल. बांध दुरुस्त करता येतील. आजींच्या या नजरेला शिष्य मिळाले पाहिजेत, आणि शिष्य यायचे तर मिठाला भाव हवा. नाक्यावर कळलेली गोष्ट आजही तीच आहे.

दक्षिणेकडे ढग जमलेत. पहिली जोरदार सर आली की काठावरच्या राशी विरघळायला लागतील. आजी झावळ्या ओढून आणतात. दुसरं टोक तुम्ही धरा. रास झाकून झाली की भाव विचारा. त्या सांगतील तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका.

आता मूठ उघडायला हरकत नाही.