मोबदला आणि वाटा : नवी मुंबईतील शासकीय खर्च व लोकभावना

राज्यकर्त्यांविषयी अविश्वास बाळगणारा समाज शासकीय खर्चासही प्रतिकूल असतो, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. इतिहास या गृहीतास सर्वत्र दुजोरा देत नाही. अमेरिकेतील ‘पीपल्स पार्टी’ने १८९२ साली ओमाहा येथे धनिकसत्तेवर कठोर टीका केली, त्याच जाहीरनाम्यात रेल्वे सरकारी मालकीची करावी, अशी मागणीही केली. वाशीच्या परिसराचा अनुभव याच जातीचा आहे. मात्र येथे प्रश्नाचे स्वरूप काहीसे निराळे झाले.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली. वाशीसह ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभारण्याचे कार्य तिच्याकडे आले. जमीन संपादावी, ती विकसित करून विकावी आणि त्या उत्पन्नातून शहराचा खर्च भागवावा, हे तिचे सूत्र होय. १९९२ साली वाशीस रेल्वे आली, तिच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलला. हा खर्च मुख्यतः करातून झाला नाही. त्याचे मूळ भांडवल म्हणजे स्थानिकांची जमीन.

म्हणूनच येथील असंतोष करविरोधाचे रूप घेऊ शकला नाही. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच ९५ गावांतील शेतकरी संघटित झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला व पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे १९९० व १९९४ च्या शासकीय निर्णयांनी संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांस देण्याचे धोरण ठरले. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी ३.७५ टक्के वजा होत.

येथे शब्दांचा अर्थभेद ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘मोबदला’ एकदा चुकता झाला की संबंध संपतो. ‘वाटा’ म्हटले की भागीदारी मान्य होते. या परिसरात ‘साडेबारा टक्के’ हा आकडा स्वतःच नाम होऊन बसला, तो या दुसऱ्या अर्थाने. शहर उभारू नये, असे हा शब्द म्हणत नाही. ज्यांच्या जमिनीवर ते उभे राहिले, त्यांना त्यात स्थान असावे, एवढेच म्हणतो.

एका प्रदेशावरून व्यापक सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे. तथापि लोकांचा शासकीय खर्चास पाठिंबा आहे की विरोध, हे विचारण्यापूर्वी तो खर्च कोणाच्या खाती पडला, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे. ‘लोक’ या शब्दाचा अर्थही बहुधा तेथेच ठरतो.