महामारीत सीपीआर द्यायचा की नाही? हा निर्णय कसा घेतला जातो

हृदय अचानक बंद पडले की छाती जोरात व लयीत दाबून आणि कृत्रिम श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवतात. याला सीपीआर म्हणतात. रुग्णालयात त्यापुढे विजेचा शॉक, श्वासनलिकेत नळी आणि शिरेतून औषधे दिली जातात. हे प्रगत पुनरुज्जीवन. एरवी यासाठी कोणी परवानगीची वाट पाहत नाही. कोविड-१९च्या साथीत मात्र जगभरातील डॉक्टरांना एक अवघड प्रश्न पडला: हा प्रयत्न प्रत्येक रुग्णासाठी करायचा का?

एरवीचा नियम काय आहे?

छाती दाबण्याची आजची पद्धत १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी मांडली. पुढे रुग्णालयांत तो सर्वांसाठीचा नियम झाला. आधी नकार नोंदवलेला नसेल तर प्रयत्न करायचाच. कारण साधे आहे. सीपीआर मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशा वेळी चर्चेला सवड नसते.

साथीत काय बदलले?

तीन गोष्टी बदलल्या. पहिली, वाचवणाऱ्यालाच धोका निर्माण झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सीपीआरचा समावेश हवेत सूक्ष्म कण पसरवणाऱ्या प्रक्रियांत केला होता. केवळ छाती दाबल्याने असे कण पसरतात का, यावर ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणा आणि तिथली रिससिटेशन कौन्सिल यांच्यात उघड मतभेद झाले. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले, की आधी पीपीई किट घाला आणि खोलीत मोजकीच माणसे ठेवा. किट घालण्यात जाणारी मिनिटे रुग्णाच्या वाट्यातून जात होती.

दुसरी, साधने अपुरी पडली. हृदय पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाला अतिदक्षता विभागातील खाट आणि बहुधा व्हेंटिलेटर लागतो. तिसरी, यशाची शक्यताच कमी दिसू लागली.

यश किती मिळत होते?

वुहानमधील एका मोठ्या रुग्णालयात २०२०च्या सुरुवातीला हृदय बंद पडलेल्या, गंभीर कोविड न्यूमोनियाच्या १३६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील १८ जणांचे हृदय पुन्हा सुरू झाले, ४ जण महिनाभर जगले आणि मेंदू चांगल्या स्थितीत राहिलेला रुग्ण एकच होता. हे आकडे वाचून ‘कोविडच्या रुग्णाला सीपीआर देणे व्यर्थ आहे’ असे काहींना वाटले.

त्याच वर्षी अमेरिकेतील ६८ रुग्णालयांच्या अभ्यासाने वेगळे चित्र दाखवले. सीपीआर मिळालेल्या ४०० रुग्णांपैकी ४८ जण, म्हणजे १२ टक्के, घरी गेले. ४५ वर्षांखालील रुग्णांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते, तर ८० वर्षे व त्यावरील रुग्णांत ३ टक्क्यांच्या आत. आजाराचे नाव एकच, पण माणसागणिक शक्यता वेगळी.

सरसकट नियम का चालत नाही?

‘कोविड असेल तर सीपीआर नाही’ किंवा ‘अमुक वयापुढे नाही’ असा नियम सोपा आहे, पण तो ज्याला वाचवता आले असते त्यालाही वगळतो. ब्रिटनमध्ये हे घडले. मार्च २०२०मध्ये वेल्समधील एका दवाखान्याने गंभीर आजारी रुग्णांना ‘सीपीआर नको’ या अर्जावर सही करण्याविषयी पत्रे पाठवली आणि नंतर माफी मागितली. ‘सीपीआर नको’ ठरवताना रुग्णाशी बोललेच पाहिजे, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०१४मध्येच स्पष्ट केले होते. तरीही साथीत पाचशेहून अधिक नोंदी रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी न बोलता झाल्याचे काळजीगृहांनी दिलेल्या माहितीतून पुढे आले. आरोग्यसेवांची तपासणी करणाऱ्या आयोगाने मार्च २०२१च्या अहवालात ते मांडले.

उलट टोकाचा नियमही न्याय्य नाही. सर्व उपचार करूनही अवयव निकामी होत चाललेल्या रुग्णाची छाती दाबल्याने बरगड्या मोडू शकतात, पण मूळ आजार थांबत नाही. तेवढ्यात चार-सहा कर्मचारी विषाणूच्या संपर्कात येतात आणि शेजारच्या खाटेकडे दुर्लक्ष होते. मात्र त्या रुग्णाचा लाभ आधी तोलायचा आणि टंचाईचा विचार नंतर करायचा. हा क्रम उलटला, तर खाटा कमी आहेत म्हणून माणूस ‘न वाचणारा’ ठरतो.

रुग्णालयाबाहेर काय?

इथे हिशेब बराच स्पष्ट आहे. सिएटल परिसरातील संशोधकांनी २०२०मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, जवळच्या लोकांनी १०,००० वेळा सीपीआर दिला तर एखादा मदतनीस कोविडने दगावू शकतो. त्याच १०,००० रुग्णांत ३००हून अधिक जीव जास्तीचे वाचतात. म्हणून रुग्णाचे नाक-तोंड कापडाने झाकून फक्त छाती दाबावी, असा सल्ला दिला गेला. शिवाय घरात कोसळलेल्या माणसाजवळ बहुधा घरचेच असतात, आणि त्यांचा संसर्गाशी संबंध आधीच आलेला असतो.

भारतातील स्थिती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२०मध्ये ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ या निर्णयासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णाशी, तो बोलू शकत नसेल तर कुटुंबीयांशी, चर्चा करून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी निर्णय घ्यावा आणि लेखी नोंदवावा, असे त्यांत आहे. हा निर्णय केवळ सीपीआरपुरता असतो; ऑक्सिजन, औषधे, वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि जिवंतपणी लिहिलेले वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरही ते करता येते.

निर्णयाची योग्य वेळ

हृदय बंद पडल्यावर ठरवायला वेळ नसतो. म्हणून रुग्ण दाखल होतानाच, तो बोलू शकत असताना, त्याला काय हवे आहे हे विचारणे गरजेचे असते. साथीत नातेवाइकांना वॉर्डात येता येत नसेल, तर हे बोलणे फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर करावे लागते. प्रकृती बदलली की निर्णयही पुन्हा तपासावा लागतो. कोणतीही नोंद नसेल, तर संरक्षक साधने घालून प्रयत्न सुरू करणे हाच नियम राहतो. आणि ती साधने हाताशी ठेवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. त्यांच्या अभावाची किंमत रुग्ण किंवा परिचारिकेने मोजायची नसते.