परसदार नसलेली खाण

जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा कितीही भक्कम असो, त्या वाड्याला परसदार असावयाचेच. पुढून संकट आले तर बायकामुलांना घेऊन मागून निसटता यावे, एवढा साधा व्यवहार त्यात होता. आणि तो सांगायला कोणा पंडिताची गरज पडली नाही. बळदात धान्य साठविणाऱ्या शेतकऱ्याला एवढे कळत होते. असे असताना जमिनीखाली सहाशे फुटांवर दोनशे माणसे रोज कामाला उतरवावयाची, आणि त्यांच्या जाण्यायेण्याला, हवेला, पाण्याला नि कोळशाला मिळून एकच एक वाट ठेवावयाची, असा प्रकार एकोणिसाव्या शतकात चालू होता. तोही कोठे मागासलेल्या मुलुखात नव्हे, तर साऱ्या जगाला यंत्रविद्या शिकविणाऱ्या इंग्लंडात! तो प्रकार बंद कसा झाला, आणि त्यासाठी काय मोजावे लागले, त्याची ही हकीगत आहे.

इंग्लंडच्या अगदी उत्तरेस, स्कॉटलंडच्या सीमेला लागून नॉर्थंबरलंड नावाचा परगणा आहे. टाइन नदी, तिच्या काठचे न्यूकॅसल शहर आणि आसपासच्या खाणी यांनी लंडनच्या शेगड्या कित्येक पिढ्या पेटत्या ठेवल्या. न्यूकॅसलला कोळसा नेऊन विकणे म्हणजे वेडेपणाची परमावधी, अशी इंग्रजांची म्हणच आहे. आगगाडीचे माहेरही हेच. तिचा प्रख्यात शिल्पकार जॉर्ज स्टीफन्सन हा याच भागातील, खाणीच्या पंपावर काम करणाऱ्या एका मजुराचा मुलगा. आणि खाणीतील कोळसा नदीपर्यंत ओढून नेण्याच्या खटपटीतूनच लोखंडी रुळांवरच्या इंजिनाचा जन्म झाला. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला जी गाडी धावली, तिचे आजोळ शोधू गेले तर ते या काळ्या मुलुखात सापडते.

या परगण्यात समुद्राला अगदी लागून हार्टली नावाचे खेडे आहे. तेथील जुनी खाण समुद्राच्या पाण्याने भरली आणि १८४४ साली ती सोडून द्यावी लागली. मालकांनी दुसऱ्याच वर्षी थोडे आत, जमिनीकडे सरकून नवी विहीर खणायला घेतली, आणि १८४६ च्या उन्हाळ्याच्या तोंडी कोळसा लागला. त्या विहिरीभोवती जे गाव वसले ते न्यू हार्टली, आणि विहिरीला नाव पडले हेस्टर.

हेस्टरची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा अनर्थ तिच्यातच दडलेला होता. विहिरीचा व्यास होता सव्वाबारा फूट. आपल्याकडची मोटेची विहीरसुद्धा याहून ऐसपैस असते. या सव्वाबारा फुटांत वरपासून खालपर्यंत एक लाकडी पडदी घालून तिचे दोन उभे भाग केले होते. एका भागातून ताजी हवा खाली उतरावयाची. खाली कोळशाची भट्टी अहोरात्र पेटलेली असे. तिने तापलेली खराब हवा धुराड्यातून जावी तशी दुसऱ्या भागातून वर निघून जाई, आणि तिची जागा भरावयास पहिल्या भागातून गार हवा आपोआप आत ओढली जाई. युक्ती मोठी नामी होती, यात शंका नाही. पण खाणीचा श्वास आणि निःश्वास यांच्यामध्ये उभी होती ती फक्त लाकडाची फळी!

याच विहिरीतून माणसांचे नि कोळशाचे पाळणे खालीवर करीत, आणि पंपाचे प्रचंड नळही याच विहिरीत. समुद्र जवळ असल्यामुळे पाणी पाठ सोडीत नव्हते. त्यासाठी विहिरीच्या तोंडाशी जे वाफेचे इंजिन बसविले होते, त्याच्या तोडीचे इंजिन त्या भागात क्वचितच सापडले असते. त्याची आडवी तुळई ओतीव लोखंडाची असून वजनाला बेचाळीस टन होती. तिचे एक टोक इंजिनघरात, तर दुसरे बरोबर विहिरीच्या तोंडावर. आणि तराजूच्या दांडीप्रमाणे ती दिवसरात्र खालीवर झुले. खाली जाणारा प्रत्येक माणूस त्या झुलत्या डोंगराखालून जात असे.

दुसरी विहीर का खणली नाही? उत्तर सरळ आहे. विहीर खणणे हे त्या काळी अतिशय खर्चाचे काम होते. खडक फोडावयाचा, मध्ये लागणारे झरे अडवावयाचे, भिंत बांधून काढावयाची, आणि एवढे करून त्या दुसऱ्या विहिरीतून कोळशाचा एक खडाही जास्त निघावयाचा नाही. मालकाच्या हिशेबाच्या वहीत ती केवळ खर्चाची बाजू! कायदा तिची सक्ती करीत नव्हता, आणि आजूबाजूला एकाच विहिरीवर चालणाऱ्या खाणी पुष्कळ होत्या. सावध करणारे कोणी नव्हते असे मात्र नाही. १८३९ साली जवळच्याच साउथ शील्ड्स गावी सेंट हिल्डाच्या खाणीत स्फोट होऊन पन्नासावर माणसे दगावली, तेव्हा गावकऱ्यांनी एक समिती नेमली. तिने तीन-चार वर्षे अभ्यास करून १८४३ साली अहवाल काढला आणि खाणींत हवा खेळायला विहिरी अपुऱ्या आहेत हे दाखवून दिले. अहवालाची वाहवा झाली, आणि वाहवा झालेल्या बहुतेक अहवालांची जी गत होते तीच त्याचीही झाली.

खाणीतील कामाची पद्धतही सांगावयास हवी. कोळसा तोडणारे कसबी लोक पाळीपाळीने उतरत. पहिली पाळी मध्यरात्र उलटल्यावर खाली जाई. दुसऱ्या पाळीचे लोक सकाळी उतरत आणि पार आत, कोळशाच्या भिंतीपाशी जाऊन पहिल्यांच्या हातून काम घेत. मगच पहिले लोक परतत. त्यांच्याबरोबर मुलेही असत. कोणी कोळशाच्या गाड्या ढकली, कोणी तट्टे हाकी, आणि अगदी लहान पोरे अंधारात बसून हवेच्या वाटेवरची दारे उघडझाप करीत. बाप कोळसा तोडतो आहे आणि मुलगा गाडी ढकलतो आहे, असा देखावा घरोघरचा. सांगावयाचा मुद्दा हा की, पाळी बदलण्याच्या घटकेला खाणीत नेहमीच्या दुप्पट माणसे असत.

१८६२ सालच्या जानेवारीची १६ तारीख, गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजले होते. पहिल्या पाळीचे काही लोक वर पोचले होते. आठ जण पाळण्यातून वर येत होते. एवढ्यात ती बेचाळीस टनांची तुळई मध्यावर काडकन मोडली, आणि तिचे बाहेरचे अर्धे, म्हणजे वीस टनांवर लोखंड, सरळ विहिरीत कोसळले. जाता जाता त्याने पाळण्याचा चुराडा केला, लाकडी पडदी उखडली, भिंतीचे दगड सोबत घेतले, आणि अर्ध्या वाटेच्या खाली कोठेतरी हा सारा मलबा विहिरीत बुचासारखा घट्ट बसला. पाळण्यातील पाच जण गेले. तिघांना पुढे दोर सोडून वर काढता आले. मलब्याच्या खाली राहिले १९९ पुरुष आणि मुले. तुळईचा घाव त्यांच्यापैकी एकालाही लागला नव्हता.

पंप थांबल्यामुळे तळाच्या थरात पाणी चढू लागले. खालचे लोक अनुभवी होते, घाबरून धावपळ करणारे नव्हते. आतल्या आत एक छोटा जोडमार्ग होता, त्यातून शिडीने चढून ते सारे वरच्या थरात आले आणि विहिरीच्या बाजूला जमून वाट पाहू लागले. पाण्यापासून ते वाचले. पण याच थरात ती हवा खेळविणारी भट्टी होती. पडदी गेल्याबरोबर हवेचे येणेजाणे थांबले, आणि निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला बाहेर पडायला वाट राहिली नाही. या वायूला ना वास, ना रंग. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेले माणसांचे कुटुंब सकाळी उठत नाही, अशी बातमी हिवाळ्यात आपणही कधीमधी वाचतो. तोच हा वायू.

वर लोक जमले. विहिरी खणण्याच्या कामात त्या भागात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हता, असा विल्यम कोल्सन हा वृद्ध कसबी धावून आला आणि त्याने सूत्रे हाती घेतली. दोराला लोंबकळत दोन-दोन, तीन-तीन माणसे खाली जात, अडकलेली तुळवटे करवतीने कापीत, दगड बांधून वर पाठवीत. दोन्ही अंगांनी भिंत सुटलेली; कोणत्या क्षणी वरून धोंडा येईल याचा नेम नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत खालून ठोके ऐकू आल्याचे सांगत, म्हणून आशा होती. बायका शाली लपेटून जानेवारीच्या थंडीत विहिरीपाशी रात्रंदिवस उभ्या होत्या. पुढे मलब्याच्या फटींतून विषारी वायू वर येऊ लागला, काम करणारे भोवळ येऊन पडू लागले. तेव्हा कापडाची पडदी टांगून हवा खाली पोचविण्याची व्यवस्था करावी लागली. त्यात आणखी वेळ गेला.

राणी व्हिक्टोरियाच्या वैधव्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. राजपुत्र अल्बर्ट १८६१ च्या १४ डिसेंबरला वारला होता. त्या अवस्थेत तिने तार करून विचारणा केली, की ही गरीब माणसे वाचण्याची काही आशा आहे काय. तार वाचून दाखविली तेव्हा उत्तर देण्यासारखे कोणापाशी काही नव्हते.

सहाव्या दिवशी, बुधवारी, २२ तारखेला वाट मोकळी झाली आणि माणसे आत शिरली. खालचे दृश्य पाहून आलेल्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे: सारे जण रांगेने बसल्यासारखे होते, झोप लागावी तसे. पुष्कळ ठिकाणी मुले बापाच्या कुशीत होती, भाऊ भावाच्या खांद्यावर मान टाकून होते. झटापटीची खूण कोठे नव्हती.

जेम्स आमूर नावाच्या मुकादमाच्या खिशात एक टिपणवही मिळाली. तिच्यात शुक्रवारची नोंद होती. दुपारी पावणेदोनला आम्ही मिळून प्रार्थना केली, अमक्या-अमक्यांनी चार शब्द सांगून धीर दिला, आणि अडीच वाजता अमके-अमके फार आजारी झाले, असे त्यात नावांनिशी लिहिले आहे. हजेरी लिहिण्याची सवय असलेल्या माणसाने शेवटचीही हजेरी लिहून ठेवली. मला या साऱ्या कहाणीत ही वही सर्वांत जड वाटते. कारण तिच्या पुढे नोंद नाही. म्हणजे वरची माणसे जिवावर उदार होऊन बुधवारपर्यंत दगड उपशीत होती, त्यांपैकी बहुतेक सारे दिवस खाली उत्तर द्यायला कोणी उरले नसावे. दुसरी वाट असती तर ही मंडळी गुरुवारी दुपारच्या जेवणाला घरी असती.

रविवारी, २६ तारखेला, चार मैलांवरील अर्सडनच्या चर्चकडे प्रेतयात्रा निघाली. चर्चच्या आवारात एवढी जागा नव्हती. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने लगतची जमीन दिली तेव्हा दफन झाले. एकूण बळी २०४. गावात असे घर शोधूनच काढावे लागले असते, की जेथून कोणी गेले नाही. मागे राहिलेल्या विधवा, पोरकी मुले आणि म्हातारेकोतारे मिळून चारशेंवर जीव होते. त्यांच्यासाठी देशभरातून ऐंशी हजार पौंडांच्या वर निधी जमला. याच भागात जोसेफ स्किप्से नावाचा एक खाणकामगार कवी होता. सात वर्षांचा असल्यापासून तो खाणीतील दारे उघडीत बसे आणि तेथल्याच अंधारात मेणबत्तीच्या तुकड्यावर अक्षर गिरवायला शिकला. त्याने या घटनेवर कवन रचले आणि निधीसाठी ते ठिकठिकाणी म्हणून दाखविले. (हाच गृहस्थ पुढे काही काळ शेक्सपिअरच्या जन्मघराचा रखवालदार झाला, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे.) कोल्सनला सुवर्णपदक मिळाले, त्याच्या साथीदारांना रौप्यपदके.

पंचांनी चौकशी करून हा अपघाती मृत्यू ठरविला. त्यांनी दोन शिफारशी मात्र जोडल्या: खाणीच्या इंजिनाची तुळई ओतीव लोखंडाची नसावी, घडीव असावी, आणि प्रत्येक खाणीला बाहेर पडायला दुसरी वाट असावी. पूर्वीच्या अहवालांपेक्षा या चार ओळींना या वेळी जास्त वजन आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात पार्लमेंटने कायदा केला. नवी खाण दोन विहिरींवाचून चालविता येणार नाही, दोहोंमध्ये कमीत कमी दहा फूट अखंड जमीन राहिली पाहिजे, आणि जुन्या खाणींनी १८६४ अखेरपर्यंत ही सोय करावी. जो खर्च कोणालाच परवडत नव्हता तो अडीच वर्षांत सर्वांना परवडला. काही खाणमालकांनी शेजारच्या खाणीशी आतून बोगदा जोडून काम भागविले; तेही कायद्याने चालत होते.

हा नियम समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. १९५२ चा खाणी-कायदा आणि त्याखाली १९५७ साली झालेले कोळसा-खाणींचे नियम यांत भूमिगत खाणीला दोन स्वतंत्र वाटा असल्या पाहिजेत हे बंधन घातले होते. बल्लारपूर-वणीकडच्या खाणींत उतरणाऱ्या आपल्या माणसांना हार्टलीचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांना दुसरी वाट ठाऊक आहे, तेवढे पुरे. अर्थात दुसऱ्या वाटेने सारीच संकटे टळतात असे नाही. १९७५ च्या २७ डिसेंबरला धनबादजवळ चासनाळ्याच्या खाणीत वरच्या सोडलेल्या भागातले पाणी फुटून खाली आले, त्यात पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. त्यांना कोणतीच वाट गाठायला उसंत मिळाली नाही.

त्या परगण्यातील खाणी आता बंद झाल्या आहेत. हेस्टर विहिरीचे तोंड बुजवून तेथे लहानशी बाग केली आहे. अर्सडनच्या चर्चपाशी दगडी स्तंभ आहे; त्यावर २०४ नावे वयांसह कोरली आहेत. एकाच आडनावाखाली चार-चार, पाच-पाच नावे येतात, आणि त्यांतल्या कित्येकांपुढचा आकडा पंधराच्या आतला आहे.